समुद्राकाठची पायवाट आणि आपला तळ्याकाठ : सोयी कुणी ठरवायच्या?

तळ्याकाठची

आपल्या सोलापुरात संध्याकाळी "जरा पाण्यावर जाऊन येऊ" म्हणणारी माणसं कमी नाहीत. गावातली मंडळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारतात, विजापूर रोडकडची कंबर तलावावर जातात, सुट्टीला कुणी हिप्परग्याच्या तलावापर्यंत गाडी काढतं. या काठांच्या सुशोभीकरणाचा विषयही अधूनमधून निघत असतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आलं, तेव्हापासून तर जास्तच. पण चर्चा सुरू होते ती कारंज्यापासून, रंगीत दिव्यांपासून आणि फोटो काढायच्या कमानीपासून. सावली, पिण्याचं पाणी, शौचालय, पाठ टेकता येईल असा बाक यांची आठवण शेवटी होते. मला हा क्रम उलटा हवा आहे, म्हणून हा धागा.

मी वास्तुरचना शिकले आहे. नोकरी मुंबईत, घर बाळीवेशीत. मुंबईत राहून समुद्राकाठच्या पायवाटा पाहिल्या आणि त्या कशा झाल्या हे समजून घेतलं. वांद्र्याचा कार्टर रोड आणि बँडस्टँड हे काठ पूर्वी राडारोड्याने आणि अतिक्रमणांनी भरलेले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या रहिवाशांच्या संघटना पुढे आल्या, वास्तुरचनाकार पी. के. दास त्यांच्यासोबत उभे राहिले आणि किनारा चालण्याबसण्यासाठी मोकळा झाला. आखणी आणि देखभाल या दोन्हींत तिथल्या लोकांनी लक्ष घातलं. मला यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. फरशी कुठली आणि दिवे कसले, हे नंतर.

तरी तिथे फिरताना एक प्रश्न सुटत नाही. पुढे आलेले "रहिवासी" कोण होते? समोरच्या इमारतींमधले. पण त्याच काठावर दांड्याचा कोळीवाडा आहे, पलीकडे चिंबई आहे. जाळी पसरायला, मासळी वाळवायला, होडी ओढून ठेवायला त्यांना काठ लागतो. फिरायला येणाऱ्याच्या सोयीची जागा आणि पोट भरणाऱ्याच्या सोयीची जागा एकच असते, तेव्हा कुणाचं आधी ऐकायचं?

हाच प्रश्न सोलापुरात आणून ठेवा. आपल्या तळ्याकाठी कोण येतं? पहाटे चालणारे. सकाळी देवळात येणारे, त्यात कर्नाटकातून आणि तेलंगणातून आलेली कुटुंबं पिशव्यांसह. दुपारी हातगाडीवाले, हमाल, बस चुकलेला माणूस, क्लासच्या मधल्या वेळेतली पोरं. संध्याकाळी घरचे सगळे. रात्री यंत्रमागाची पाळी संपवून घरी जाणारे. आराखड्याच्या बैठकीत यातले फक्त पहाटेचे लोक दिसतात, कारण बैठकीला यायला सवड त्यांनाच असते.

तर सांगा. तुमच्या घरातलं माणूस तळ्याकाठी जातं किंवा जात नाही, ते कशामुळे? नुसत्या कल्पना नकोत, कारणं सांगा.

*

पूर्वभागकर

चांगला धागा काढलात. मी आमच्या भागाचं बोलतो.

आमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. शेजारच्या सगळ्याच बायका वळतात. सूप मांडीवर घेऊन दिवसभर एका जागी बसायचं, सकाळी कारखान्यात माल द्यायचा, पानं-तंबाखू घेऊन परत. कंबर आणि गुडघे चाळिशीतच गेलेले असतेत. डॉक्टर म्हणतो चाला. चालायचं कुठं? आमच्या गल्लीत यंत्रमागाचा आवाज, दारात गाड्या. तळ्यावर न्यायचं म्हटलं तर आई पहिला प्रश्न विचारते, "बसायला काय आहे?" तिथं जे कट्टे असतेत ते बिनपाठीचे आणि उंचीला कमी. अशा बाईला खाली बसता येतं, उठता येत नाही. बाकाला पाठ पाहिजे आणि दोन्ही बाजूला हात पाहिजेत, हातावर जोर देऊन उठायला. एवढी एक गोष्ट झाली तरी आमच्या गल्लीतल्या दहा बायका येतील.

दुसरं, पाट्या. आमच्याकडं घरात तेलुगू चालतं, पलीकडं उर्दू, देवळात येणारे निम्मे कन्नड. शौचालय कुठंय, पाणी कुठंय एवढं तरी चित्रानं दाखवा. वाचता न येणारी बाई कुणाला विचारत बसणार नाही, ती तशीच घरी जाईल.

तिसरं, विशाखापट्टणमला आमचे पाहुणे आहेत. तिथं रामकृष्ण बीचचा रस्ता पहाटे गाड्यांना बंद ठेवतेत. पोरं रस्त्यावर खेळतेत, म्हातारी माणसं मधोमध चालतेत. एक रुपयाचं बांधकाम नाही, फक्त अडथळे लावायचे आणि काढायचे. आपल्याकडं रविवारी सकाळी तेवढं करून बघायला काय हरकत आहे?

*

खारा वारा

पुदुच्चेरीतही तसंच आहे. समुद्राकडेचा गूबेर अॅव्हेन्यू संध्याकाळपासून सकाळपर्यंत वाहनांना बंद असतो. पर्यटक त्या शांततेसाठीच येतात, त्यामुळे सुरुवातीला कुरकुरणाऱ्या दुकानदारांचंही नुकसान होत नाही.

*

चाकांवरून

मी व्हीलचेअर वापरतो, होटगी रोडला राहतो. कारण विचारलंत म्हणून सांगतो : दार. बागेत आणि काठावर मोटारसायकली घुसू नयेत म्हणून दारात फिरकी बसवतात किंवा खांब इतके जवळ रोवतात की माझी खुर्ची आत जात नाही. मोटारसायकलवाले मात्र कुंपणाची फट शोधून आत येतातच. म्हणजे नियम पाळणाराच बाहेर राहतो.

समुद्राकाठचं एक उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं. चेन्नईच्या मरीना बीचवर वाळूत चाकं रुततात, त्यामुळे आमच्यासारख्यांना पाण्यापर्यंत जाताच येत नव्हतं. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. आधी जागतिक अपंग दिनाच्या सुमारास थोडे दिवस तात्पुरता मार्ग टाकला जायचा. लोक आले, त्यांनी पाय भिजवले, फोटो वर्तमानपत्रांत आले आणि मागणी खरी आहे हे दिसलं. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २६३ मीटर लांबीचा कायमचा लाकडी मार्ग झाला. डिसेंबरात मंदौस चक्रीवादळ आलं आणि त्याचा समुद्राकडचा भाग मोडला. नंतर तो दुरुस्त केला गेला.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. तात्पुरतं करून दाखवणं हीच सगळ्यात चांगली मागणी असते. आणि दुरुस्तीचे पैसे आणि दुरुस्ती करणारा माणूस बांधकामाच्या आधीच ठरलेले हवेत. समुद्रावर वादळ येतं, आपल्याकडे पावसाळ्यात फरशी खचते, तीन महिन्यांत एक कडा वर येते आणि ती दोन इंचाची कडा माझ्यासाठी भिंत होते.

मापं लिहून ठेवतो, कुणी आराखडा काढत असेल तर उपयोगी पडतील. उताराला १ : १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दार किमान ९०० मिलिमीटर मोकळं. खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटरचा गोल. बाकाशेजारी एका खुर्चीएवढी रिकामी जागा, म्हणजे मी बायकोच्या शेजारी बसू शकेन, समोर वाटेत नाही. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहेच, पण कायद्याचा कागद दाखवून कुणी उतार नीट करत नाही. उतार भरताना तिथे उभं राहावं लागतं. मी यायला तयार आहे.

*

निवृत्त ओव्हरसियर

नमस्कार. चाकांवरून यांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. उताराचं काम मिस्त्रीवर सोडलं की तो जागेत बसेल तेवढा उतार करतो, मग १:१२ चा १:६ होतो.

मी साहित्याबद्दल लिहितो. समुद्राकाठच्या सोयींची नक्कल करताना एक घोटाळा नेहमी होतो. तिथला शत्रू खारी हवा. साधं लोखंड काही पावसाळ्यांत खपलीखपलीने गळतं, काँक्रीटमधली सळईसुद्धा गंजून फुगते आणि वरचा थर उडवते. म्हणून तिथे सळईवर जास्त जाडीचं काँक्रीट ठेवतात, स्टेनलेस स्टील वापरतात, ग्रॅनाइट वापरतात. त्यांचं बरोबर आहे. आपला शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. दिवसभर तापलेला स्टीलचा किंवा काळ्या ग्रॅनाइटचा बाक संध्याकाळी सातलासुद्धा चटका देतो. मुंबईचा बाक इथे आणून ठेवला तर तो चार महिने नुसता बघायचा.

आपल्याकडे शहाबादी फरशी जवळ मिळते, स्वस्त आहे. खडबडीत ठेवली तर पावसात पाय घसरत नाही. तीही तापते, पण झाडाखाली असली तर नाही. म्हणून बाकाची जागा आधी झाड बघून ठरवायची. झाड नसेल तिथे आज कडुनिंब, करंज, पिंपरण लावा आणि ते वाढेपर्यंत वर साधं छप्पर. ते रॉयल पाम लावायचं खूळ बंद झालं पाहिजे. समुद्रावर माड शोभतो, कारण तो तिथलाच आहे. इथे पामच्या सावलीत माणूस सोडा, मांजरसुद्धा बसत नाही. आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवू नका, चारी बाजूंना किमान मीटरभर माती उघडी ठेवा. नाही तर बारा-पंधरा वर्षांचं झाड डोळ्यांदेखत वाळतं.

आता परवानग्या. समुद्रावर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. १९९१ ला पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, मग २०१९ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधायचं यावर बंधनं असतात. आपल्याला वाटतं तळ्याला असलं काही नाही. पण सिद्धेश्वर तलावाला लागून भुईकोट किल्ला आहे आणि तो केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच काम, असा नियम आहे. म्हणजे पक्कं शौचालय काठावर जिथे मनात येईल तिथे बांधता येणार नाही. हे आधी नकाशावर आखून घ्या, मग लोकांना विचारा. लोकांनी एक जागा ठरवायची आणि नंतर नियमाने ती रद्द व्हायची, यासारखा उत्साह मारणारा दुसरा प्रकार नाही.

*

तळ्याकाठची

ओव्हरसियर काका, खूप आभार. १०० मीटरची आणि त्यापुढच्या २०० मीटरची रेषा नकाशावर आखून घ्यायलाच हवी. त्या पट्ट्यात नवीन पक्कं बांधकाम नको असेल तर हलवता येणारे बाक, पाणपोई, सावलीचे मांडव यांचा विचार करता येईल का? आणि दुरुस्तीचे काम असेल तर?

*

निवृत्त ओव्हरसियर

दुरुस्तीलाही रीतसर परवानगी लागते. हलत्या वस्तूंचं पुरातत्त्व खात्याला आधी पत्र देऊन विचारून घ्यावं. गृहीत धरू नये.

*

सातरस्ता अक्का

शौचालयावर कुणी सविस्तर बोललं नाही अजून, म्हणून मी बोलते.

मुंबईत २०११ पासून बायकांनी "राइट टू पी" नावाची मोहीम चालवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईने त्याच कारणासाठी गेलं तर पैसे, हे का? मरीन ड्राइव्हसारख्या साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर फिरायला येणारी बाई घरून निघताना पाणी पीत नाही, हे तिथल्या बायकाच सांगतात. सोलापूरच्या उन्हात पाणी न पिता बाहेर पडायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पण बांधायचं कसं, यासाठी मुंबईच्या समुद्राकडे बघण्यापेक्षा पुण्याच्या वस्त्यांकडे बघा. तिथे १९९९ पासून स्पार्क ही संस्था, महिला मिलन आणि झोपडपट्टीवासीयांच्या महासंघाने मिळून सामुदायिक शौचालयं बांधली. वस्तीतल्या बायकांनी स्वतः आखणीत भाग घेतला आणि म्हणून त्यात अशा गोष्टी आल्या, ज्या कुठल्याही इंजिनिअरच्या मनात आल्या नव्हत्या. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी, नाही तर पुरुष पुढे घुसतात. लहान मुलांसाठी वेगळी, छोटी बैठक, म्हणजे पोरं भीतीने बाहेर गटारावर बसत नाहीत. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला वर खोली, म्हणजे जागा कधी ओस पडत नाही. महिन्याचा पास प्रत्येक कुटुंबाला परवडेल एवढा.

आपल्या काठासाठी माझं म्हणणं असं. शौचालय बागेच्या मागच्या कोपऱ्यात नको. बाई तिकडे अंधारात जाणारच नाही. ते दाराशी, दिव्याखाली, भेळवाल्याच्या आणि फुलवाल्या मावशींच्या नजरेसमोर हवं. दारं आतल्या बाजूला तोंड करून, पण प्रवेश सगळ्यांना दिसेल असा. आतून लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी (दोन, एक कमी पडते), पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करणारी बाई. नळ खाली हवा, कारण नऊवारी नेसलेल्या आजीला आणि बुरख्यातल्या ताईला भिंतीवरच्या जेटचा उपयोग नाही. पैसे घ्यायचे नाहीत, कुणाकडूनच नाहीत.

आता पाणी. इथे घरी रोज नळ येत नाही. अशा गावात काठावरच्या शौचालयाला पाणी कुठून, हा प्रश्न आधी सोडवा. धुण्यासाठी बोअर आणि मोठी टाकी, पिण्याला वेगळी जोडणी. पाण्याची सोय लिहून दिलेली नसेल तर उद्घाटनानंतर महिन्याभरात कुलूप लागतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

*

नवी पेठ ते पार्क

शौचालयाशी सहमत. पण हातगाड्यांशी नाही. मुंबईचा समुद्र म्हणा की आपलं तळं, गाड्या आल्या की कागदी प्लेटा, तेल, कुत्री, मग उंदीर. काठ स्वच्छ हवा असेल तर खाण्याच्या गाड्या रस्त्यापलीकडे ठेवाव्यात. माझा विरोध माणसांना नाही, घाणीला आहे.

*

सातरस्ता अक्का

अण्णा, तुमचं घाणीचं म्हणणं खरं आहे. पण रात्री नऊला काठावरून गाड्या उठल्या की मी पण उठते, हे सांगू का? गाडीवाला आहे तोवर उजेड आहे, ओळखीचं माणूस आहे. तो गेला की तोच रस्ता मला नको वाटतो.

*

गड्ड्यातला

हा मुद्दा माझा आहे, कारण माझे वडील हातगाडीवर भेळ विकत होते आणि मी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याशेजारी दुकान लावतो.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यात एक तृतीयांश महिला. म्हणजे कुठं बसायचं, किती वाजेपर्यंत, कचरा कुणी उचलायचा, हे ठरवताना आम्ही टेबलावर पाहिजे. आम्हाला विचारून ठरवलं तर आम्हीच पाळतो आणि पाळायला लावतो. न विचारता हाकललं तर आम्ही संध्याकाळी परत येतो, कारण घरी चूल आहे. मग रोज पळापळ आणि कुणालाच सोय नाही.

नवी पेठच्या साहेबांना एक सांगतो. घाण गाडीमुळे होत नाही, गाडीजवळ पाणी आणि डबा नसल्यामुळे होते. हात धुवायला नळ, सांडपाण्याला जाळीची मोरी, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आणि ते रात्री अकराला उचलणारी गाडी द्या. हे दिलं तर कागदी प्लेटा बंद करून पानाच्या द्रोणात भेळ द्यायला मी तयार आहे, आमच्यातले बरेच तयार होतील. आणि जागा आखताना वाऱ्याची दिशा बघा, तळलेल्याचा धूर बाकांवर जायला नको.

*

नवी पेठ ते पार्क

नळ, मोरी आणि रात्रीची कचरागाडी हे तिन्ही असेल तर माझी हरकत मागे घेतो. पण तिन्ही असतील तरच.

*

बाराबंदी

यात्रेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, मानाचे सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर होमाचा विधी होतो. नंदीध्वज उंच असतात आणि वजनाला भारी. पेलणारा माणूस तोल सांभाळत चालतो, त्याच्या पायाखाली अचानक पायरी किंवा बाकाचा कोपरा आला तर काय होईल? वर तार किंवा कमान आली तर मिरवणूक थांबते. ओव्हरसियर काकांनी किल्ल्याच्या रेषा सांगितल्या, तसा मिरवणुकीचा मार्ग आणि मैदान हेसुद्धा नकाशावर आखा आणि तिथे पक्कं काही बांधू नका. बाक हलवता येणारे ठेवा. आणि हे बाहेरच्या सल्लागाराने ठरवू नये, नंदीध्वजाचे मानकरी आणि पेलणारे यांना प्रत्यक्ष मार्गावर चालवून विचारावं.

*

पूर्वभागकर

बरोबर आहे बघा. यात्रेत लाखानं माणूस येतं. त्यांना पण पाणी आणि शौचालय लागतंच की. त्या पंधरा-वीस दिवसांचं फिरतं शौचालय वेगळं धरायला पाहिजे, रोजच्यावर ताण टाकून चालणार नाही.

*

पाणकावळा

कंबर तलावाबद्दल एक विनंती. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. पायवाट तळ्याला पूर्ण गोल फिरवू नका. एक बाजू माणसांशिवाय राहू द्या, झुडपं आणि चिखलाचा काठ तसाच ठेवा. दिवे लावाल ते खाली बघणारे, पिवळसर आणि कमी उंचीचे लावा, पाण्यावर झोत नको. आणि लोक सहभागाची ताकद बघायची तर वर्सोव्याचा किनारा बघा. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह आणि स्वयंसेवकांनी तिथला कचरा काढायला सुरुवात केली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात गेली. कंबर तलावाची जलपर्णी लोकांनी मिळून काढली तर पक्षी परत येतात, हे मी खात्रीने सांगतो.

*

खारा वारा

वर्सोव्याच्या कामाबद्दल आदर आहे, पण एक सावधगिरी. दर आठवड्याला स्वयंसेवक येतात, फोटो निघतात आणि पगारी सफाई कामगाराची जागा हळूहळू कमी होते, असं मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर पाहिलं आहे. श्रमदानाने सुरुवात होते, रोजचं काम पगारानेच होतं. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळं खोदवलं, ही आपली परंपरा आहे आणि तिचा अभिमानही आहे. पण खोदणं एकदाच होतं. शौचालय रोज धुवायचं असतं, आणि ते धुणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट, आठवड्याची सुट्टी आणि महिन्याच्या महिन्याला पगार हवा. आराखड्यात बाकांची संख्या लिहितात तशी कामगारांची संख्याही लिहायला लावा.

*

तळ्याकाठची

सगळ्यांचं वाचून आता पद्धतीवर येते. विचारायचं कसं?

सभागृहात पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून "आवडलं का?" विचारायचं नाही. चित्र सगळ्यांनाच आवडतं. माझा प्रस्ताव असा : जागेवर जायचं आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापात आखायचं. इथे शौचालय, इथे दार, इथे पाणपोई, इथे गाड्यांची ओळ. मग आजींना त्यातून चालायला सांगायचं. चाकांवरून त्यांची खुर्ची घेऊन येतील. भेळवाल्याने आपली गाडी त्या चौकोनात उभी करायची. नंदीध्वज पेलणाऱ्याने मार्गावरून जायचं. जे अडेल ते पुसून पुन्हा आखायचं. फक्कीचा खर्च किती? पक्कं झाल्यावर फोडायचा खर्च किती?

बाकांसाठी आणखी सोपं. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिक खुर्च्या तीस-चाळीस आणून नुसत्या काठावर सोडायच्या, रचायच्या नाहीत. लोक स्वतः ओढून नेतात. कुणी झाडाखाली, कुणी गाड्यांजवळ, बायका चारपाच गोल करून, म्हातारे पाण्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून. रात्री नऊला खुर्च्या कुठे उरल्या ते कागदावर उतरवायचं. ओव्हरसियर काका, तुमच्या झाडांच्या जागांशी हे जुळतं का, ते तुम्हीच तपासा.

वेळा चार : पहाटे, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्रीची पाळी सुटते तेव्हा. दुपारची वेळ कुणीही गाळायची नाही. सावलीची खरी परीक्षा तेव्हाच आहे.

आणि खारा वारा यांचा मुद्दा मी पहिल्या पानावर घेते. प्रत्येक सोयीपुढे तीन रकाने : रोज कोण बघणार, पैसे कुठल्या खात्यातून, बिघडलं तर कुणाला सांगायचं. हे तीन रकाने रिकामे असलेली वस्तू आराखड्यातून काढायची, मग ती कितीही सुंदर असो. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. आपल्याकडे तसं सुरू करा, ही मागणी याच कागदासोबत जाऊ शकते.

विचारायचे प्रश्न मी पाचच ठेवलेत :

तुम्ही इथे किती वाजता येता आणि किती वेळ थांबता?
इथे असताना कुठल्या गोष्टीमुळे लवकर उठून जावं लागतं?
घरातलं कोण येऊ शकत नाही, आणि का?
इथलं काय आहे तसंच राहायला हवं?
तुमचं काम या जागेवर चालतं का? चालत असेल तर त्याला किती जागा लागते?

*

चाकांवरून

तिसरा प्रश्न सगळ्यात आधी घ्या. जे येत नाहीत त्यांच्याकडे घरी जावं लागेल. तळ्यावर उभं राहून ते कधीच भेटणार नाहीत. आमच्या ओळखीच्यांची यादी मी करतो, त्यात दोन अंध मित्र आहेत. त्यांना फरशीवरच्या उठावाच्या पट्ट्या कुठून कुठे हव्यात ते त्यांनाच चालून सांगू द्या.

*

पूर्वभागकर

प्रश्न तेलुगूत मी लिहून देतो. आईला वाचून दाखवून बघतो, तिला कळलं तर सगळ्या गल्लीला कळतंय. पण बायकांना विचारायला बाईच पाठवा, माझ्यासमोर शौचालयाचं कोण बोलणार नाही.

*

सातरस्ता अक्का

मी जाते. कन्नड मला येतं, देवळाच्या बाजूलाही मीच विचारते. विडी कारखान्यावर सकाळी माल द्यायच्या वेळी गेलं तर एकाच ठिकाणी शंभर बायका भेटतील. उर्दूसाठी बेगमपेठेतली माझी एक मैत्रीण आहे, तिला विचारून सांगते.

*

गड्ड्यातला

मंडपवाला माझ्या ओळखीचा आहे. खुर्च्या एका संध्याकाळपुरत्या मिळतील, भाडं मी बघतो. फक्त लग्नाची तारीख सोडून सांगा.

*

निवृत्त ओव्हरसियर

फक्की आणि टेप माझ्याकडे आहे. किल्ल्यापासूनच्या रेषा आखून आणतो, पण आधी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज टाकू, आखणी करतोय एवढं तरी त्यांना लेखी कळवलेलं बरं. मसुदा करून इथेच टाकतो, सगळ्यांनी वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात.